फाटकासमोरची जागा

पुण्यातल्या पाट्यांवर आजवर पुष्कळ विनोद झाले आहेत. ‘फाटकासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल’ ही त्यातली नेहमीची पाटी. श्रोतेहो, मी आज बोलणार आहे तो अशी पाटी लावलेला माणूस म्हणून. पाटी विनोदी वाटते ती वाचणाऱ्याला. लावणारा त्याआधी चार-सहा महिने धुमसत असतो.

आमची गल्ली कोथरूडमधली, वीस फुटी. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं सायकली आणि दोन-तीन स्कूटर होत्या. पुढे बंगल्यांच्या इमारती झाल्या, घरटी मोटार आली, काही घरांत दोन आल्या. गल्ली मात्र वीस फुटीच राहिली. दोन्ही कडांना मोटारी उभ्या केल्या की मध्ये उरतात जेमतेम आठ फूट. मोठ्या रस्त्यांवर सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ अशा पाट्या असतात, त्यामुळे निदान भांडायला नियम तरी असतो. आमच्या गल्लीत तेवढंही नाही.

समोरच्या इमारतीतल्या काकांच्या मुलानं मोटार घेतली. पेढे पहिले आमच्याकडे आले. पण इमारतीत खाली त्यांना जागा एकच, तिथं काकांची जुनी गाडी. बाकीच्या जागा बिल्डरनं वेगळे पैसे घेऊन इतरांना देऊन टाकलेल्या. (खांबांमधलं किंवा उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला सदनिकेसारखं स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्ये दिला. यांची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. शेजाऱ्याशी कोर्टात जायची कुणाची तयारी नव्हती.) तेव्हा नवी मोटार उभी राहू लागली आमच्या भिंतीला लागून, आणि तिचं नाक हातभर आमच्या फाटकावर.

मी काय केलं? बोललो नाही. रस्त्यावर दोन कुंड्या नेऊन ठेवल्या. त्यांनी त्या उचलून भिंतीशी नीट मांडल्या. एकही फुटली नाही, याचाही मला राग आला. मग विटा ठेवल्या आणि शेवटी पाटी लावली. त्या दिवाळीला समोरून फराळाचं ताट आलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

नुसता हट्ट असता तर मी ही गोष्ट सांगितली नसती. माझ्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सातला निघायचं, साडेबारापर्यंत परत. वॉकर घेऊन ते दहा पावलं चालत, त्यापुढे दम लागे. रिक्षा फाटकाला लागायला हवी. एका मंगळवारी पाऊस होता आणि मोटार फाटकात होती. परतताना रिक्षा पलीकडेच थांबवावी लागली. वडील चालत आले आणि मध्येच थांबले, त्या मोटारीच्या बॉनेटवर हात टेकून. रिक्षावाला त्यांच्यावर छत्री धरून उभा.

संध्याकाळी मी चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “भिंत तुमची साहेब, भिंतीबाहेरचा रस्ता सगळ्यांचा. फाटक अडवलं असेल तर सांगा, आम्ही येतो. नुसत्या भिंतीसमोर लावली तर तुम्ही कोण मना करणार?” मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातल्या कलम १२२ मध्ये अडथळा होईल अशी गाडी उभी करायला मनाई आहे आणि कलम १२७ नुसार ती उचलून नेता येते. मी खूश झालो. पण ते थांबले नव्हते. “आणि त्या कुंड्या आधी उचला. तो रस्त्यावरचा अडथळा तुमचा. हवा सोडलीत तर नुकसानीची तक्रार तुमच्यावरच येईल.”

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, “पोलिसांकडे जायला पाऊण तास चाललात. समोर जायला वीस फूट.”

रविवारी सकाळी गेलो. काका दारातच उभे राहिले, बसा म्हणाले नाहीत. मी वडिलांचं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तुम्ही मला सांगितलं कुठं? मला तर पाटीच दिसली.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वॉकर घेऊन जाताना दिसत नव्हते का, असं विचारावंसं वाटलं, पण गिळलं.

ठरलं ते असं. फाटक कायम मोकळं. भिंतीची जागा त्यांची, पण मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहा ते एक तीही रिकामी, म्हणजे रिक्षा सरळ आत वळेल. मुलानं चुन्यानं रेघ मारून दिली. मोटारीची दुसरी किल्ली आमच्या खिळ्यावर लटकू लागली. सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यांच्याकडचे पाहुणे रेघ पाहत नसत, एकदा मुलगाच विसरला आणि मी फोनवर जरा जास्तच बोललो. पण फोन होत असे, पाटी नव्हती.

वडील गेल्या वर्षी गेले. काका स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते. चुन्याची रेघ पावसानं धुऊन गेली आहे. अजून दर मंगळवारी आणि शुक्रवारी समोरचा मुलगा सकाळी मोटार काढून गल्लीच्या टोकाला लावतो, दुपारी परत आणतो. आता लावलीस तरी चालेल, हे त्याला सांगायला मी अजून गेलेलो नाही. किल्लीही खिळ्यावरच आहे.