शेकडा तीन आणि कॉलेजाचा उतारा

अमेरिकेतल्या कॉलेजात शिकायला जाण्याच्या गोष्टी आता तालुक्याच्या गावीही निघतात. मग शिक्षकांना कुणी विचारतो, "गुरुजी, ते कॉलेज शंभरात तिघांनाच घेतं. म्हणजे उत्तमच की!"

या आकड्याची जरा फोड करू या. हार्वर्डकडे 2020 च्या प्रवेशासाठी 40,248 अर्ज आले होते, घेतले 1,980. पुढच्या वर्षी अर्ज झाले 57,435 आणि घेतले 1,968. प्रमाण शेकडा 4.9 वरून 3.4 वर उतरले. एका वर्षात हार्वर्डचे शिकवणे सुधारले काय? छे! साथीमुळे प्रवेशपरीक्षेचे गुण देणे ऐच्छिक झाले, आणि दाराशी गर्दी वाढली.

दुसरा आकडा याहून बोलका. प्रवेश देऊ केलेल्यांपैकी प्रत्यक्ष दाखल किती झाले? याला इंग्रजीत 'यील्ड' म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत उतारा. मुलगा अर्ज करतो दहा ठिकाणी, जातो एकाच ठिकाणी. म्हणून कॉलेजला पानांपेक्षा आमंत्रणे जास्त धाडावी लागतात.

समजा, जागा 1,000, अर्ज 20,000 आणि उतारा शेकडा 25. म्हणजे 4,000 जणांना बोलवायचे. प्रमाण शेकडा 20. आता त्याच कॉलेजाने 500 जागा 'अर्ली डिसिजन'ने भरल्या, म्हणजे 'प्रवेश मिळाला तर इथेच येईन' असे आधी लिहून देणाऱ्यांना दिल्या. ते बहुतेक सगळे येणार. उरलेल्या 500 जागांसाठी 2,000 आमंत्रणे. एकूण 2,500, आणि प्रमाण साडेबारा! ग्रंथालयात एक पुस्तक वाढले नाही, पण कागदावर कॉलेज दुर्मिळ झाले.

असे लिहून देणे ऐपतदाराला परवडते. ज्याला आर्थिक मदत हवी, त्याला मग दोन-तीन कॉलेजांची मदतीची पत्रे शेजारी ठेवून तोलता येत नाहीत. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला घेताना त्याची खर्चाची तयारी पाहणारी कॉलेजेच तिकडे जास्त. तेव्हा छापलेले एकूण प्रमाण आपल्या मुलीला लागू पडेलच, असे धरू नका.

पुष्कळ कॉलेजे 'कॉमन डेटा सेट' नावाचे वार्षिक पत्रक काढतात. घेतले किती आणि आले किती, हे त्यात असते. सहा वर्षांत पदवी किती जणांनी पुरी केली, हेही असते. आणि परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सरासरी किती मदत दिली, त्याचाही रकाना असतो. अर्जाची फी भरण्याआधी तो रकाना काढून पाहा. रिकामा असेल तर कॉलेजला पत्र लिहून विचारा.