पैठणचा माल आणि समुद्रावरचा वारा



आपल्या कोरड्या मराठवाड्याचा समुद्राशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या पैठणचे नाव आहे, तेरचेही आहे. पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांनी भडोच बंदराला जाई. पैठणहून भडोच वीस दिवसांची वाट.

इजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास निघत. उन्हाळ्यात जमीन तापली की वारा समुद्राकडून आत वाहतो. तोच नैऋत्य वारा शिडांत भरून ती अरबी समुद्र ओलांडत. परतीला ईशान्येचा वारा हवा. तो हिवाळ्यात मिळे.

मी बँकेतला कारकून. आमच्याकडे मुदत चुकली तर व्याज चढते. त्या व्यापाऱ्याची वाऱ्याची मुदत चुकली तर वर्षभर माल बंदरातच! भर पावसात आपल्या काळ्या मातीत गाडी रुतते. भिक्खूसुद्धा तेव्हा वर्षावासासाठी विहारातच थांबत. म्हणजे पाऊस उघडताच पैठणच्या गाडीवानाला घाई करावीच लागत असणार. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मात्र तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. पुढच्या सहलीत मुलांना ते अवश्य दाखवा.