धूर, आवाज आणि खिसा : जुन्या डिझेल गाडीचं दुखणं ओळखताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला जेवणाच्या आधीची वेळ दिली आहे. त्यामुळे भाषण लांबलं तर पहिला निषेध मागच्या बाकावरून येणार, हे मला ठाऊक आहे. तो बाक शाळेत असतानाही भुकेचा पक्का होता.

विषय मात्र तुम्हीच निवडलात. आपल्या व्हॉट्सअॅप गटावर सुप्रभातच्या खालोखाल कोणता मजकूर येत असेल, तर तो म्हणजे, ‘अरे, गाडी सकाळी सुरू होत नाहीये, काय करू?’ आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून एमएच ०५ची जुनी डिझेल गाडी आहे. कुणाकडे इंडिका आहे. ३० डिसेंबर १९९८ला बाजारात आलेली आणि आपल्या पुण्यात तयार झालेली ही गाडी. कुणाकडे सुमो, कुणाकडे बोलेरो, कुणाकडे २००७नंतरची डिझेल स्विफ्ट. निवृत्तीनंतर नवी गाडी घेणं सगळ्यांना जमत नाही. पण रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा दारातली गाडी एका चावीत सुरू व्हावी लागते. गॅरेजमध्ये आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे : आधी दुखणं शोधा, मग पार्ट बदला. पार्ट बदलत बदलत दुखणं शोधू नका.

आता विज्ञानाचा तास. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण सगळ्यांनी हाताने अनुभवलंय. डिझेल इंजिन त्याच तत्त्वावर चालतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७मध्ये चालवून दाखवलेल्या इंजिनात पेट्रोल गाडीसारखी ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि मग त्यात डिझेलचा बारीक फवारा मारायचा. जुन्या इंडिकाच्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे बाविसाव्या भागात दाबली जाते. म्हणजे गरजा तीन : स्वच्छ हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळी योग्य तेवढं डिझेल. बहुतेक तक्रारी या तिघांपैकी एकाच्या दारात जाऊन थांबतात.

सकाळी सुरू न होणारी गाडी

पहिला प्रश्न : सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरतं की रडत रडत? रडत असेल तर डिझेलकडे बघूच नका. हवा तापायची तर इंजिन वेगाने फिरायला हवं. शे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना १४च्या आसपास. ते १४ दिसत नसतील तर नवी बॅटरी आणूनही ती चार दिवसांत बसेल, कारण दोष चार्जिंगमध्ये आहे. दुसरी तपासणी फुकटची. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे हमखास होतं. पॉलिश पेपरने घासा, बोल्ट आवळा, काम झालं. याच दोषापायी सेल्फ मोटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

इंजिन जोरात फिरतंय, सायलेन्सरमधून डोळे चुरचुरवणारा पांढरा धूरही येतोय, पण पेट घेत नाही? मग डिझेल आत पोचतंय, गरमी कमी पडतेय. इंडिकासारख्या जुन्या इंजिनात चार हीटर प्लग असतात. त्यांना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि टोक एकेका प्लगवर टेकवा. दिवा लागला नाही तो प्लग मेला. चारही ठीक असतील तर प्लगपर्यंत करंट येतो का ते बघा. तिथे बहुधा रिले किंवा फ्यूज सापडतो.

इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही? मग डिझेलच पोचत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी चोखणारी असते. तिला भेग पडली तर डिझेल बाहेर टपकेलच असं नाही, पण हवा आत शिरते. म्हणून खाली डाग नसतो आणि दोष लपून राहतो. आपल्या एका मित्राला पंप आणि चारही नोझल बदलायला सांगितलं होतं. आकडा चाळीस हजारांच्या वर. आम्ही फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली. गाडी सुरू केल्यावर नळीतून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे जाताना दिसले. फिल्टरजवळची रबरी नळी वयाने कडक झाली होती. नवी नळी आणि दोन क्लिपा, चहासकट पाचशेच्या आत. पंप अजून तोच आहे.

धूर काय सांगतो

ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची चिमणी बघत आपण लहानाचे मोठे झालो. रेल्वेला वीज पुरवण्यासाठी १९२९मध्ये ते सुरू झालं. धुरावरून आतल्या आगीची परीक्षा होते, हे इथल्या पोरांना वेगळं शिकवायला नको.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. टर्बोची गाडी असेल तर टर्बो ते इंजिन या रबरी होजला कुठे तेलकट चीर आहे का, ते हात फिरवून बघा, अर्थात इंजिन थंड असताना. त्यानंतर काजळीने चोंदलेला ईजीआर व्हॉल्व्ह साफ करा. नोझलचा नंबर यानंतर लागतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. महिन्याला किती ऑइल कमी होतं, ते आधी वहीत लिहा. थोडं कमी होत असेल तर लगेच इंजिन उघडायची घाई नको. टर्बोच्या गाडीत मात्र दुर्लक्ष करू नका.

गरम झाल्यावरही टिकणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कुलंट जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे आले, तर हेड गॅसकेटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

गाडी तापते

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत काटा वर चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो? मग दोष बहुधा पंख्याचा. एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, वायर आणि मग मोटर, याच क्रमाने जा. उलट, वेगात असताना किंवा घाटात तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा पाणी फिरवणारा पंप थकलाय. रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर काढा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते थेट तोंडावर येतं.

नव्या पद्धतीची डिझेल इंजिनं

स्विफ्टसारख्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे बघायला आम्ही चालू इंजिनवर नोझलचे नट एकेक करून सैल करायचो. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नका. ती धार कातडी भेदून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते.

तिथे दुसरा उपाय आहे. चारही नोझलच्या परतीच्या बारीक नळ्या मिस्त्रीकडून चार सारख्या बाटल्यांत सोडून घ्यायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. एक बाटली इतरांपेक्षा खूपच भरली तर तोच नोझल आजारी. चार बदलायचे ते एकावर भागतं. आणि स्कॅनरने कोड दाखवला म्हणजे निकाल लागला असं समजू नका. ‘डिझेलचा दाब कमी’ ही साक्ष आहे. गुन्हेगार स्वस्त फिल्टरपासून महागड्या पंपापर्यंत कुणीही असू शकतो. चौकशी स्वस्तापासून सुरू करा.

जिथे काटकसर नको

ब्रेक, टायर आणि टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन मोडतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत तो बदला. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्टचा इतिहास माहीत नसेल, तर आधी बेल्ट, मग सीटकव्हर. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, स्टँड लावा.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ आपल्यातला कोणीच विसरलेला नाही. पाण्यात बंद पडलेली डिझेल गाडी पुन्हा सेल्फ मारून बघायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, ओढून न्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावीला हात लावू नका.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. धुराच्या चाचणीत इंजिन जोरात रेझ करतात. म्हणून आधी ऑइलची पातळी, बेल्ट आणि एअर फिल्टर बघा आणि इंजिन चांगलं गरम करून मगच न्या. सगळं करूनही काळा धूर थांबत नसेल, किंवा चेसिसला गंजाने भोकं पडली असतील, तर माया आवरती घ्या. आपला धूर शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोराच्या नाकात जातो. त्या गाडीला निरोप देणंच योग्य.

शेवटचा मुद्दा, आणि हा मिस्त्रीच्या बाजूने. तीन हजारांच्या पार्टचे पैसे आपण मुकाट देतो. पण दोन तास डोकं लावून शोधलेल्या दोषाची पाचशे रुपये मजुरी मागितली की म्हणतो, ‘अरे, नुसतं बघितलंस तर!’ मग तो पार्ट विकणार नाही तर काय करणार? तपासणीची मजुरी आनंदाने द्या, दोष कसा सापडला ते दाखवायला सांगा आणि काढलेला पार्ट मागून घ्या. आपल्या गणिताच्या बाई उत्तराला एक गुण द्यायच्या आणि पायऱ्यांना चार. आज त्या समोर बसल्या आहेत. बाई, तुमची ती पद्धत आम्ही गॅरेजमध्येही चालवावी, एवढीच माझी या मंडळींना विनंती आहे.

जेवणानंतर फाटकाबाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत, त्यांनी बोनेट उघडून ठेवावं. टेस्ट लॅम्प मी बरोबर आणला आहे.