रुग्णालयातील संशोधन आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात उधना येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेची स्तुती करावी असा रिवाज आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी ती मनापासून केली आहे आणि तिला आमचा पूर्ण दुजोरा आहे. मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून रुग्णांच्या औषधांपर्यंत ट्रस्टने केलेले काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. परंतु आम्हांस आज उभे केले आहे ते निराळ्या कारणासाठी. एका रुग्णालयाच्या लोकआरोग्य विभागाने येत्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतील तापाची पाहणी करण्यासाठी ट्रस्टचे सभागृह मागितले आहे. घरोघर जाऊन प्रश्न विचारावयाचे व ज्यांना ताप असेल त्यांचे रक्त तपासावयाचे, असा बेत आहे. यावर आपल्यांत दोन मते पडली. "आपल्या माणसांवर प्रयोग कशाला?" हे एक मत, "फुकट तपासणी होते आहे, तर होऊ द्या," हे दुसरे. आम्ही पडलो शाळामास्तर. वैद्यकाशी आमचा संबंध रोग्यापुरताच. तथापि ही दोन्ही मते अपुरी आहेत असे आम्हांस वाटते. ती का अपुरी आहेत, तेवढेच सांगावयाचे आहे.

१९९४ सालचा सप्टेंबर महिना येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी आली होती. सुरतेत तापीच्या पुराचे पाणी नुकतेच ओसरले होते. तोच नव्या सिव्हिलमध्ये ताप, खोकला आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणे असलेले रोगी येऊ लागले व त्यांतील काही तासांत दगावू लागले. २१-२२ सप्टेंबरला 'प्लेग' हा शब्द शहरभर झाला. अनेक खासगी दवाखाने बंद झाले आणि काही लाख माणसे थोड्याच दिवसांत शहर सोडून गेली. त्यांत आम्हीही होतो.

आम्ही तेव्हा सातव्या इयत्तेत. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. जेथे ताऊन, म्हणजे प्लेग पसरला असेल तेथे जाऊ नये, आणि आपण असू तेथे तो पसरला तर तेथून पळून जाऊ नये, ही शिकवण आम्ही मदरशात ऐकली होती. ती तोंडपाठ होती. तरी अब्बांनी आम्हां सर्वांना उधना स्टेशनावर नेले आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत जागा मिळेल तसे कोंबले. नंदुरबारकडील आमच्या गावी पोहोचलो तर गावच्या मंडळींनी आम्हांस वेशीबाहेरच्या खळ्यात आठ दिवस ठेवले. भाकरी-भाजी दुरून ठेवून जात. आईला ते फार लागले. आज आम्हांस वाटते, गावकऱ्यांचेच बरोबर होते. मदरशातला तो पाठ त्यांनी ऐकला नव्हता, पण त्याचा अर्थ ते पाळत होते. आम्ही तो पाठ करून मोडला होता.

आणखी एक गोष्ट. निघण्यापूर्वी अब्बांनी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सुली मिळविल्या होत्या. त्या दोन दिवस आम्हांस दिल्या आणि उरलेल्या 'वेळ पडली तर' म्हणून पेटीत ठेवल्या. किती दिवस घ्यावयाच्या, का घ्यावयाच्या, हे कोणी विचारले नाही व सांगितलेही नाही. घरात कोणी आजारी पडले नाही, हे आमचे नशीब. त्यात शहाणपण मुळीच नव्हते.

पुढे काय झाले तेही ऐकावे. तो रोग प्लेगच होता की दुसरा कोणता, यावर जाणत्यांमध्ये मोठा वाद माजला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा विचार केला. तरी शंका पूर्ण फिटल्या नाहीत. अखेर सन २००० मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील व इतर शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या जंतूंची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ते प्लेगचेच जंतू असल्याचे निश्चित झाले. सहा वर्षे! त्या धावपळीत कोणी रोग्याची थुंकी काळजीपूर्वक जमविली, बाटलीवर खूण केली, वहीत नोंद केली, म्हणून ते शक्य झाले. संशोधन म्हणजे काही केवळ काचेच्या नळ्या आणि मोठमोठी यंत्रे नव्हेत. रोग्याने खरे सांगावे, ऐकणाऱ्याने ते खरे लिहावे, आणि पुढल्याने ते पडताळून पाहावे, हा त्याचा पाया आहे.

असे काम मोठ्या शहरांतच होते असेही नाही. कोकणात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, नाडी व रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी तेथे विंचवाच्या विषाची गंभीर बाधा झालेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस दगावत; ते प्रमाण एकावर आले. लाल विंचू म्हणजे काय, हे खानदेशच्या माणसास सांगावयास नको.

आता 'प्रयोग' या शब्दाकडे वळू. त्याची भीती निराधार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात ती काही कैद्यांना टोचली, काहींना टोचली नाही, आणि दोहोंची तुलना केली. टोचलेल्यांत रोग कमी झाला. लस उपयोगी ठरली खरी. परंतु कैद्याच्या 'हो'ला कितपत स्वेच्छा म्हणावी, हा प्रश्न उरतोच. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतील लस टोचल्याने १९ माणसे धनुर्वाताने मेली. त्याचा दोष हाफकिनवर आला आणि त्यातून त्याची सुटका होण्यास काही वर्षे लागली. तेव्हा भिणाऱ्यास वेडा म्हणू नये.

पण त्याच काळातील दुसरी हकीकत आपल्यासारख्या संस्थेने अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. तरुण आगाखान, सर सुलतान महंमद शाह, यांनी हाफकिनला कामासाठी आपली जागा दिली आणि लोकांच्या मनातील भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्या अनुयायांपैकी हजारोंनी मग ती घेतली. त्यांनी नुसती देणगी दिली नाही; आपला हात पुढे केला. इमारतीपेक्षा हे दान मोठे, असे आम्हांस वाटते.

काहींना औषध आणि काहींना नाही, असे का करतात, हा प्रश्न आम्हांस आमच्या वर्गातील मुलेही विचारतात. त्यास एक उदाहरण देतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होतो. पनामाच्या जंगलात सरावासाठी गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर केलेली एक चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लीन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्यांपैकी २० जणांना हा ताप झाला. औषध घेतलेल्यांपैकी फक्त एकास. सर्वांनाच गोळी दिली असती, तर 'यंदा ताप कमीच होता' असे म्हणून कोणीही मोकळे झाले असते. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या व उसाच्या शेतांत चिखल तुडविणाऱ्यांना ही गोळी देतात, तिच्यामागे असा पुरावा आहे. आणि डॉक्सिसायक्लीन हे अब्बांच्या पेटीतल्या त्या कॅप्सुलीच्याच कुळातले औषध आहे. अब्बांपाशी औषध होते. त्यामागचे कारण त्यांना कोणी समजावले नव्हते.

आता आमचा स्वतःचा एक अपराध सांगतो. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. एका पावसाळ्याच्या आरंभी दोन तरुण डॉक्टरणी कागद घेऊन गल्लीत आल्या. शिकलेला माणूस म्हणून लोकांनी आम्हांस विचारले, "मास्तर, सही करायची का?" आम्ही कागद चाळला. त्यात एक प्रश्न होता, 'गेल्या पंधरा दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालला होता काय?' आम्हांस हसू आले. येथे पावसात पाण्यातून कोण चालत नाही? "कशाला भानगड? नका करू सही," असे आम्ही म्हणालो. एकापाठोपाठ एक दारे लागली. त्या मुली कोणास काही न बोलता निघून गेल्या.

त्याच पावसाळ्यात खाडीचे पाणी गल्लीत शिरले. आमच्या शेजारी लूमवर काम करणारे एक गृहस्थ होते. सारी मुले त्यांना चाचा म्हणत. त्यांना ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, मग पिवळे दिसू लागले. सर्वांनी कावीळ ठरविली. गळ्यात काविळीची माळ घातली, उसाचा रस दिला. लघवी बंद झाली तेव्हा आम्हीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साचलेल्या पाण्यातून चालले होते का?"

चाचा वाचले नाहीत. त्या कागदावर सह्या झाल्या असत्या तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण तो प्रश्न कशासाठी आहे, एवढे जरी आम्ही त्या मुलींना विचारले असते, तरी ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशीच आम्ही चाचांना घेऊन निघालो असतो. आम्ही विचारले नाही. विचारण्यास शिकविणे हाच ज्याचा धंदा, त्याने विचारले नाही. आज आम्ही येथे बोलण्यास तयार झालो ते यासाठीच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सभागृह द्यावे. परंतु डोळे मिटून देऊ नये. 'प्रयोग नको' म्हणणारा विचारीत नाही आणि 'फुकट आहे, होऊ द्या' म्हणणाराही विचारीत नाही. आपण मात्र विचारावे. या पाहणीस रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी आहे काय? अशा समितीत डॉक्टरांखेरीज एक सामान्य नागरिकही असावा लागतो. संमतीपत्र मराठीत, उर्दूत, हिंदीत आहे काय, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास ते अहिराणीत समजावून सांगणार कोण? नाही म्हटले, किंवा मध्येच अंग काढून घेतले, तर उपचारास बाध येणार नाही ना? नावे गुप्त राहतील ना? ज्याच्या रक्तात रोग सापडेल, त्यास कळविणार कधी आणि औषध देणार कोण? आणि पाहणीचा निष्कर्ष याच सभागृहात येऊन आम्हांस सांगणार ना? उद्या कोणी नव्या औषधाची चाचणी घेऊन आले, तर आणखी दोन प्रश्न वाढतील. देशात २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, तेव्हा ती नोंद दाखवा. आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई द्यावी लागते, तेव्हा ती कोण देणार तेही सांगा. हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. त्याचे काम सोपेच होते.

आणि आपल्याकडूनही काही देणे आहे. वय खरे सांगावे. दारू-तंबाखू लपवू नये. आधी कोणाकडून गंडा-दोरा घेतला असेल तर तेही सांगावे. पुन्हा बोलावले तर रोजी बुडते हे खरे. यासाठी ट्रस्टने गरजूंच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय करावी, अशी आमची विनंती आहे. स्त्रियांशी बोलण्यास आपल्यातील शिकलेल्या मुलींनी पुढे व्हावे. घरात पुरुष नसता दार उघडण्याचा संकोच त्यामुळे जाईल.

१९९४ नंतर हे शहर बदलले ते अशाच कामाने. १९९५ साली आयुक्त एस. आर. राव आले, गटारे व कचऱ्याची व्यवस्था लागली, रोगांवर नियमित नजर राहू लागली. आणि १९९६ साली सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर गणले गेले. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात तर तिने इंदूरबरोबर पहिला मान मिळविला. ज्या शहरातून आम्ही रात्रीच्या गाडीने पळालो होतो, ते हेच. झाडू मारणाऱ्याचा त्यात जेवढा वाटा, तेवढाच तापाची नोंद करणाऱ्याचा, आणि तेवढाच तो ताप खरा सांगणाऱ्याचाही.

पाहणी झाली तर पहिल्या दिवशी, पहिल्या टेबलाशी आम्ही बसू. संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवू, ज्यास जे विचारावयाचे ते विचारू देऊ, आणि पहिली सही आमची करू. साचलेल्या पाण्यातून चालला होता काय, या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक वर्षे उशिरा देणार आहोत. आपण ते वेळेवर द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.