अब्बांची डिलाइट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मरोळला आमच्या इमारतीच्या आवारात एक गाडी आहे. १९६९ सालची फियाट अकराशे, ‘डिलाइट’. अब्बांनी ती जुनीच विकत घेतली होती. अब्बा गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. गेल्या वर्षी ताडपत्री काढली, तर दाराखालचा पत्रा बोट लावताच भुगा होऊन खाली पडला. गाडी दुरुस्त करायची यावर घरात एकमत झालं. कशी करायची, यावर मात्र दोन महिने वाद चालला.

धाकटा भाऊ म्हणाला, “भाईजान, इंजिन नव्या गाडीचं टाकू, गिअर खाली आणू, एसी बसवू. अम्मीला मुंब्र्याला खालाकडे आरामात नेता येईल.” मी म्हणालो, “मग ती अब्बांची गाडी कुठं राहिली?” मला सगळं मूळचंच हवं होतं: १०८९ सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगजवळचा तोच गिअर, पुढची तीच सलग सीट.

या हट्टाला कारण होतं. ही गाडी आपल्या उपनगरातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. सत्तरच्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं आणि काळ्या-पिवळ्या रंगात तिनं मुंबई वाहून नेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. जे उरलंय ते तरी जसंच्या तसं राहावं, असं मला वाटे.

कायदा पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. इथं भावाची बाजू लंगडी पडली. पण २०२१ च्या नियमांनी माझीही पंचाईत केली. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. म्हणजे मान मिळाला असता, पण अम्मी मुंब्र्याला गेली नसती.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराचा रंग खरवडला. आम्हा भावांच्या आठवणीतली गाडी मलई रंगाची. त्याखाली निघाला करडा! मिस्त्री म्हणाले, “कवीसाहेब, मूळ म्हणजे कधीचं? कारखान्यातून निघाली तेव्हाचं, की अब्बांनी चालवली तेव्हाचं?” मग त्यांनी मागच्या दाराजवळची पितळी मूठ दाखवली. ती कारखान्यातली नव्हेच. दादीला उतरताना धरायला काही हवं, म्हणून अब्बांनी ती लावून घेतली होती. माझ्या हट्टाप्रमाणे सगळं मूळचं करायचं, तर पहिल्यांदा अब्बांचीच मूठ काढावी लागणार होती.

मी गप्प झालो. जुन्या कविता पुन्हा छापताना माझंही असंच होतं. पहिलं हस्तलिखित खरं, की पुढं हातानं केलेली दुरुस्ती?

जुन्या वाहनांच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची ‘ट्युरिन सनद’ आहे. तिचं सार असं, की शक्य तितकं जुनं राखा. बदल करावाच लागला तर तो डोळ्यांत न खुपणारा आणि पुन्हा उलटवता येणारा असावा. काय केलं ते लिहून ठेवा. आम्ही हीच वाट धरली.

इंजिन आणि गिअर तेच ठेवले. पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी भाग बदलले, कारण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. पट्टे लावले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. काही सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडून मिळवले. एसी नाही. ब्रेक जुनेच, चारही चाकांना ड्रमचे. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवायचं. नोंदणी साधीच ठेवली. रंग मलईचा दिला, पण बोनेटखाली तळहाताएवढी करडी जागा तशीच सोडली. काढलेले भाग एका पेटीत आहेत, सोबत एक वही. उद्या भावाच्या मुलाला गाडी कारखान्यातल्यासारखी करावीशी वाटली, तर त्याची वाट आम्ही बंद केलेली नाही.

तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर आधी रंग थोडा खरवडून पाहा. ती कुणासाठी चालवायची आहे ते ठरवा. मग मिस्त्रीला हात लावू द्या.

पहिल्या रविवारी अम्मीला मुंब्र्याला नेलं. खालाच्या दारात उतरताना तिनं न बघताच हात वर केला आणि ती मूठ धरली.