एका पतंगाचे नाव आणि गाव



माणसाची ओळख करून घेताना नावाबरोबर गावही विचारण्याची आपली रीत आहे. निसर्गशास्त्राचा शिरस्ता याहून निराळा नाही. गोव्याच्या झाडीत, मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे दिसणाऱ्या एका महाकाय पतंगाच्या बाबतीत तर गावावाचून नावच पुरे होत नाही.

पंख पसरले असता हा पतंग सुमारे वीतभर रुंद भरतो. रंग तांबूस तपकिरी. चारही पंखांवर एकेक त्रिकोणी, पारदर्शक खिडकी. पुढील पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी. टसर पतंगाच्या पंखांवरील डोळे गोल असतात. चांद्रपतंग फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा असतो. त्यामुळे घोटाळ्यास जागा उरत नाही. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. मादी नराहून मोठी असते.

प्रौढ पतंगाला अन्न घेण्याजोगे मुख नसते. सुरवंटपणी बांधून घेतलेल्या शिदोरीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्या अवधीत नराने मादी गाठावयाची आणि मादीने अंडी घालावयाची. अशा जीवाची एक रात्र घराच्या दिव्याभोवती वाया गेली, तर ती हानी लहान नव्हे.

आता नावाकडे वळू. लिनीअस याने १७५८ साली या कुळातील एका पतंगास ‘ॲटलास’ हे नाव दिले. पुढे फ्रेडरिक मूर याने १८८० ते १८८७ या काळात श्रीलंकेच्या फुलपाखरांवर व पतंगांवर तीन खंड प्रसिद्ध केले. तेथील पतंगास त्याने दिलेले नाव ‘टॅप्रोबॅनिस’. ‘ताप्रोबाने’ हे ग्रीकांनी लंकेस दिलेले नाव होय. दोघे दिसावयास इतके सारखे की आपल्याकडील पतंगही सर्रास ‘ॲटलास’ म्हणूनच ओळखला गेला. ‘ॲटलास’चा प्रदेश हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत, सह्याद्रीसह दक्षिण भारत व श्रीलंका हा ‘टॅप्रोबॅनिस’चा. म्हणजे गोव्यातील पाहुणा मानला गेलेला हा जीव येथलाच रहिवासी ठरतो, आणि त्याचे जगातील घर बरेच आकुंचित होते.

हा फरक केवळ पंडितांच्या कामाचा नाही. अर्ध्या आशियात आढळणाऱ्या जीवाचे एक रान गेले तर फारसे बिघडत नाही. मोजक्या प्रदेशातल्याचे बिघडते. डिचोलीने लोहखनिजाच्या खाणी पाहिल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमानवाहतूक सुरू झाली. दोडामार्गाकडून येणारी तिळारी पुढे शापोरा होऊन समुद्रास मिळते. तिच्या काठची झाडी राज्यांची सीमा मानीत नाही. पतंगही मानीत नाही.

म्हणून पतंग दिसल्यास त्यास न पकडता दिवा मालवावा. तारीख, गाव, वाडी आणि जवळचे झाड लिहून ठेवावे. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या वाचनालयात अशा नोंदींची एक वही सहज मावेल. पुढील पिढीस ‘हा येथे होता काय?’ असा प्रश्न पडेल, तेव्हा तीच वही साक्ष देईल.