ग्रीक नाण्यांवरील प्राणी

प्राचीन ग्रीसमधील नगरराज्यांनी आपल्या नाण्यांवर प्राण्यांची चित्रे उमटविली, ती केवळ शोभेसाठी नव्हेत. नाणे कोणत्या नगरीचे, हे निरक्षर नावाड्यालाही चित्रावरून कळे. एजिनाचे कासव, एफेससची मधमाशी, कॉरिंथचा पंख असलेला घोडा. फोसिया नगरीने तर आपल्या नावाशी जुळणारा सील हा जलचर निवडला. ग्रीक भाषेत त्याला ‘फोके’ म्हणत.

अथेन्सचे घुबड मात्र सर्वांहून दूर पोहोचले. घुबड हा अथेना देवीचा पक्षी. आपल्याकडील अपशकुनाची कल्पना येथे बाजूस ठेवावी लागते. लॉरियमच्या खाणींतील चांदीचे, सुमारे १७ ग्रॅम वजनाचे हे नाणे इजिप्तपर्यंत चाले. लोक त्याला ‘घुबड’ असेच म्हणत.

पुढे स्पार्टाशी चाललेल्या दीर्घ युद्धात चांदी आटली. इ. स. पूर्व ४०६ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी निघाली. घुबड तेच, डोळेही तसेच मोठे; चांदी तेवढी नाममात्र उरली. पुढच्याच वर्षी अरिस्टोफेनिसने ‘बेडूक’ या नाटकात नगरीच्या हलक्या पुढाऱ्यांची तुलना या नव्या तांब्याच्या नाण्यांशी केली.

इ. स. पूर्व ३७५-३७४ च्या कायद्याने बाजारात बसणाऱ्या सरकारी पारख्याची कर्तव्ये ठरवून दिली. हा पारखी गुलाम असे. तांब्याच्या गाभ्याचे नाणे आढळल्यास त्याने ते तेथल्या तेथे कापावे. त्याने खरे ठरविलेले नाणे कोणी नाकारू नये. पारखी जागेवर न बसल्यास शिक्षा होती ५० फटके.